फक्कीचा बंगला

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही नव्या घरात भांडलो. घर तेव्हा बांधलेलं नव्हतं.

नुसती जागा होती. आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांच्या शेजारी, जिथं आधी कडब्याची गंज असायची तिथं. शब्बीरभाई मिस्तरीनं त्या दिवशी कोपऱ्यांना लाकडी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि दोरीच्या कडेनं फक्की मारून घर आखून दिलं. फक्की म्हणजे पांढरी पूड, कबड्डीच्या मैदानावर मारतात ती. उरलेली अर्धी गोणी आमच्याच ओसरीत टाकून मिस्तरी गेला. मागं राहिलो मी आणि माझी बायको हौसाबाई.

मी पांढरी रेघ ओलांडून आत शिरलो.

“अवं, भिताडातून कुठं येताय?” हौसा म्हणाली. ती आधीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती.

“भिताड हाय कुठं?”

“मिस्तरीनं उगंच आखलंय व्हय? दार तिकडं हाय. दारातून या.”

वाद घालून उपयोग नव्हता. बांधलेल्या घरात मी तिच्याशी कधी जिंकलो नाही, तर उघड्या रानात काय जिंकणार? मी माघारी फिरलो, वळसा घातला आणि जिथं रेघ मोडली होती तिथून आत आलो. (चप्पल बाहेर काढायला लावली, ते सांगणार नव्हतो.)

नाव हौसाबाई, पण हौस तिला एकच होती. स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे, आणि ती गोठ्याकडच्या भिंतीला, कारण आमच्याकडं येणारा माणूस गोठ्यावरून येतो. जुन्या स्वयंपाकघराला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला मी, अशी अवस्था. कुणी आलं की ती आतून ओरडायची, “किती जन?” मी बाहेरून आकडा सांगायचा आणि त्या आकड्यावर चहा पडायचा. तो चहा आयुष्यभर एक कपानं कमी पडला.

“सोताला कधी धरतच न्हाई तुमी,” ती म्हणायची. “मानसं मोजता आन मोजनाऱ्याला इसरता.”

“त्या भितीमुळं गोंधळ हुतो. मी हिकडं, तू तिकडं. दिसत न्हाई ना.”

“म्हनून तर खिडकी पायजे. माझी मी बघीन.”

अशी आम्ही दोघांनी मिळून सगळा दोष भिंतीवर टाकलेला होता. त्यामुळं संसार बरा चालला.

संध्याकाळी बाकीचे घर बघायला आले. थोरला (आणि एकुलता) रमेश शेवगावात बी-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. त्याची बायको वैशाली. आणि भिंगारला दिलेली आमची लेक संगीता, जी त्या दिवशी मुद्दाम आली होती, कारण माहेरच्या घरात राहायचं नसलं तरी मत द्यायचं असतं.

आखलेलं घर बघून सगळ्यांचे चेहरे पडले. फक्कीतलं घर लहानच दिसतं, भिंती चढल्या की मोठं होतं, असं मिस्तरी सांगून गेला होता. पण मिस्तरीवर विश्वास ठेवला तर तो घरमालक कसला?

“नाना, ही खोली आहे का खोकं?” संगीता म्हणाली. “देवघर कुठाय?”

“कोनाडा हाय की.”

“कोनाडा! आमच्या शेजारणीकडं संगमरवरी आहे. घंटा लावलेलं.”

रमेशला पोर्च पाहिजे होता. शिर्डीला एका लॉजपुढं त्यानं तसला पाहिला होता, खांबाचा, खाली गाडी उभी राहील असा. रमेशकडं मोटरसायकल आहे. ती पावसात उभी राहते आणि तक्रार करत नाही.

वैशाली शहाणी पोरगी, कमी बोलते. तिनं फक्त झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून विचारलं, “इथं अटॅच बाथरूम बसेल का हो?”

“झोपायच्या खोलीत संडास?” हौसा म्हणाली. “मग आपल्यापक्षा जनावरं बरी. ती तरी बांधावर जात्यात.”

आमच्याकडं पैसा होता तो दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढं ओटा, एवढ्याचा. इच्छा होत्या त्या शिर्डीच्या लॉजच्या. मी गप्प होतो, कारण मनातून मलाही वरचा मजला पाहिजे होता. वरती काय करणार ते ठरलेलं नव्हतं. खालून लोकांनी वर बघावं, एवढंच.

“मला कायबी नको,” शेवटी हौसा म्हणाली. “फकस्त माझी खिडकी गोठ्याकडं ठिवा.”

“बरं बरं, आई,” रमेश म्हणाला. दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणतात तसं.

त्या रात्री ती झोपली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणालो, तिला काही दुखत नव्हतं. तो म्हणाला, असंच होतं.

त्यावर मला जास्त काही लिहिता येत नाही. पुढचं लिहितो.

जिवंतपणी तिची इच्छा एक होती. गेल्यावर तिच्या इच्छा वाढायला लागल्या.

भेटायला माणसं येऊ लागली तसा त्या मोकळ्या जागेत मांडव घातला. मांडववाल्यानं दोऱ्या बांधायला खुंट्या शोधल्या आणि मिस्तरीच्या आयत्या सापडल्या, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या. रेघांवरून अख्खा तालुका चालून गेला. माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर सगळं लोकांच्या पायाला लागून आपापल्या गावाला गेलं. वैशाली चहा करायची. कधी पातेलंभर उरायचा, कधी निम्मे लोक कोरडे जायचे. आतून कुणी ‘किती जन’ म्हणून ओरडत नव्हतं आणि मी आपला बसल्या जागी मोजत होतो.

रडून झालं की माणसं विचारायची, घराचं कुठवर आलं? मग एक दिवस संगीता डोळे पुसत म्हणाली, “आईची लई इच्छा होती हो देवघराची. संगमरवरी.”

रमेश म्हणाला, “पोर्चबद्दल बोलली होती मला. म्हनली, पोरा, गाडी उनात नको.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिला गाडी म्हणजे एसटी एवढंच माहीत, ती बाई मरायच्या आधी पोर्चवर बोलून गेली आणि नवऱ्याला पत्ता नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्या नदीला नदी म्हणायचं ते सवयीनं. अंघोळीला टँकर सांगितला होता. गुरुजींनी पिंड मांडले, पानावर पुरणपोळी, भजी ठेवली, आणि सगळे मागं सरलो. बाभळीवर कावळे भरपूर होते. एकही खाली उतरेना.

पहिल्यांदा लोक गंभीर होते. मग ऊन चढलं. मग घड्याळं बघायला लागले. गुरुजी म्हणाले, “बाईंची काही इच्छा राहिली असेल. घरच्यांनी शब्द द्या.”

रमेश पुढं झाला, हात जोडले. “आई, पोर्च करतो.”

कावळ्यानं मान वळवून दुसरीकडं बघितलं.

संगीता म्हणाली, “आई, संगमरवरी देवघर करू गं. रमेश करील.”

काही नाही.

वैशालीनं पदर सावरला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटली. पण गुरुजींना कान चांगले. “काय म्हणतात सूनबाई? अटॅच बाथरूम? हां. मोठ्यानं सांगायचं, बाई. शब्द दिला, अटॅच बाथरूमचा.” सगळ्या गावानं तिच्याकडं बघितलं. ती लाल झाली. कावळ्यानं फांदीला चोच पुसली.

आमच्याकडं दहाव्याला पुढारी येतो आणि माईकवर बोलतो. तो श्रद्धांजलीसाठी थांबलेलाच होता. त्यालाही कळलं की काहीतरी द्यायची वेळ आहे. त्यानं घरापर्यंत सिमेंटचा रस्ता जाहीर केला. त्या दिवशी दिलेल्या सगळ्या शब्दांत तो एकच असा होता की तो कुणाला पाळावा लागणार नव्हता.

आता भावकी माझ्याकडं बघायला लागली. एक चुलतभाऊ म्हणाला, “आरं, नवरा तू. तुझा कायच शब्द न्हाई व्हय?”

हे ऐकल्यावर माझी मान ताठ झाली. मी मोठ्यानं म्हणालो, “हौसे, दोन मजली बांधतो.”

लोक ‘वा’ म्हणाले. दहाव्यात ‘वा’ म्हणत नाहीत, पण म्हणाले. कावळ्याला मात्र काही वाटलं नाही. मजल्याचं त्याला काय कौतुक, तो राहतोच झाडावर.

पुन्हा पहिल्यापासून. रमेशनं पोर्च लांब केला. संगीतानं देवघराला घंटा लावली. भुकेनं लोकांचे चेहरे असे झाले होते की आणखी थोडा वेळ गेला असता तर तेच पिंडाला शिवले असते. तेवढ्यात सगळेच एकदम बोलले. रमेश पोर्च पोर्च, संगीता आई आई, गुरुजी का-का. त्या गलक्यात मी खाली बघून आपल्यापुरतं म्हणालो, “खिडकी गोठ्याकडंच ठिवतो, हौसे.”

आणि कावळा आला. भजं उचललं आणि गेला.

आता तो कशानं आला? परतताना टेम्पोत हाच विषय. रमेश म्हणाला, पोर्च लांब केल्यावर आला. संगीता म्हणाली, घंटा म्हटल्याबरोबर उठला, मी बघितलं. मी माझं काही बोललो नाही. कावळ्याला विचारायची सोय नाही, आणि भजं पिंडावरच्या जेवणात सगळ्यात कुरकुरीत असतं हेही खरं आहे.

पण शब्द दिले ते दिले. गावासमोर दिलेले. दुपारी शब्बीरभाई भेटायला आला, तेव्हा रमेशनं सगळी यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. शब्बीरभाई डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होता.

“नाना, बजेट तेच का?”

“तेच.”

“मग जोत्यापतुर होईल,” तो म्हणाला. “मोठं जोतं होईल. लई मोठं. त्यावर बसायचं आन वरच्या मजल्याची वाट बघायची.”

“कर्ज काढू,” रमेश म्हणाला. “आईसाठी.”

“आन बाथरूम बसतंय ते सैपाकघराच्या भितीला,” शब्बीरभाई म्हणाला. “गोठ्याकडच्या. पाइप तिकडूनच जातोय. खिडकी येनार न्हाई.”

मी सरळ झालो. “खिडकी न्हाई?”

“एक्झॉस्ट फॅन बसवू, नाना,” वैशाली मायेनं म्हणाली. “धूर खेचतो सगळा.”

“फॅनमधून कोन येतंय ते दिसतं का?”

ती बावरली. “कोण येतंय ते कशाला बघायचं फॅनमधून?”

बरोबरच होतं तिचं. खिडकी बाहेरून हवा यायला असते असं सगळं जग समजतं. माझ्याच घरात ती माणसं मोजायला होती.

“नाना, आता मागं हटता येत न्हाई,” रमेश म्हणाला. “तुम्हीच दोन मजल्याचं बोललात. लोक काय म्हनतील? आईचा जीव अडकंल.”

मजल्याचं मीच बोललो होतो, त्यामुळं माझं तोंड बंद. चार जणांचा हट्ट मोडता आला असता, पण त्यातला एक हट्ट माझाच होता आणि तो सगळ्यात महाग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. मांडववाल्यानं मांडव सोडून नेला होता. जागा मोकळी. खुंट्या जागच्या जागी. मी ओसरीतनं फक्कीची अर्धी गोणी ओढत आणली, चारा बांधायची दोरी घेतली आणि आखायला बसलो.

आधी घर आखलं. मिस्तरीनं आखलं होतं तेवढंच, खुंटीला खुंटी धरून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओटा. दाराला जागा सोडली. गोठ्याकडच्या रेघेत खिडकीला जागा सोडली.

मग घराबाहेर शब्द पाळायला घेतले.

ओट्यापुढं पोर्च काढला. मनात कंजूषी ठेवली नाही. गोठ्यापर्यंत नेला. खाली लक्झरी बस उभी राहिली असती. बाजूला देवघर काढलं, गावच्या मारुतीला ते मिळालं असतं तर मारुतीनं नवस केला असता. अटॅच बाथरूम कडुनिंबाला अटॅच केलं. वरच्या मजल्याची पंचाईत झाली. जमिनीवर मजला काढायचा कसा? जिना आखला, पायऱ्या पाडल्या, जिना संपला तिथं उभा राहून वर बघितलं. वर आभाळ होतं. मजला मोकळाच सोडला.

फक्की उरली ती रस्त्याला टाकली. पुढाऱ्याचा शब्दही मीच पाळला, कुणीतरी पाळायला पाहिजे.

एवढ्यात घर जागं झालं. रमेश दात घासत बाहेर आला आणि घासायचा थांबला. मागं संगीता, वैशाली.

“नाना, हे काय?”

“दिलेला शबुद पाळला. गावासमोर दिला, गावासमोर पाळला. हमरस्त्यावरून दिसतंय सगळं, कुनीबी बघून जावा.”

“असं असतंय का कुठं? आईला...”

“तुझ्या आईनं फक्कीचंच घर बघितलंय. त्याच घरात भांडून गेली ती. तिला इटासिमिटाचं काय ठावं? तिला दिलेला शबुद फक्कीतच पुरा हुतो. खुंट्यांच्या आत आपलं बजेट, खुंट्यांच्या भायेर आपला शबुद.”

संगीता तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं रडते. हसत होती. आधी हसली मग रडली, बायकांचं काही सांगता येत नाही. मग तिनं चपला काढल्या आणि देवघरात जाऊन उभी राहिली. वैशाली कडुनिंबाकडं बघून म्हणाली, “नाना, बाथरूम जरा मोठं झालंय,” आणि आत पळाली. रमेश मात्र तसाच उभा. ब्रश तोंडात. मी म्हटलं, आता हा चिडणार. तो गेला, मोटरसायकल ढकलत आणली आणि पोर्चमध्ये मधोमध स्टँडला लावली. लांबून बघितली. मग आणखी थोडी सावलीत घेतली. सावली कडुनिंबाची होती, पण आम्ही ती पोर्चची धरली.

मी चप्पल बाहेर काढली, दारातून आत गेलो आणि स्वयंपाकघरात खिडकीशी उभा राहिलो. गोठा दिसत होता. त्यावरून येणारी वाट दिसत होती. खिडकी बरोबर जागी होती, तिचं चुकलं नव्हतं.

वाटेनं शब्बीरभाई येत होता, बरोबर त्याचा भाऊ. मी आत आवाज दिला, “वैशाली, चा टाक गं. दोगं आलेत. आन तुमी तिगं.”

“पाच ना?”

“पाच. बघून सांगतोय.”

शब्बीरभाई मला हात करत सरळ रेघ ओलांडून आत आला.

“आरं शब्बीरभाई,” मी म्हणालो, “भिताडातून कुठं येताय? दार तिकडं हाय.”

तो एक पाय उचललेला तसाच थांबला. आजूबाजूला बघितलं. मोकळं रान, गोठा, म्हैस. मग मुकाट्यानं मागं फिरला, वळसा घालून दारातून आत आला. त्याच्या मागं त्याचा भाऊ. थोड्या वेळानं त्यानं रमेशला बाजूला घेतलं, आणि हळू बोलतोय असं समजून म्हणाला, “नानाला एकदा नगरला दाखवून आना. लई मनाला लावून घेतलंय.” त्याचं म्हणणं बरोबर असेल. फक्त हे म्हणताना चप्पल त्यानंही बाहेर काढलेली होती.

मग चहा आला. शब्बीरभाईनं घेतला, भावानं घेतला, रमेशनं, संगीतानं घेतला, आणि वैशाली पाचवा कप आपल्या हातात धरून रिकाम्या ताटलीकडं बघत राहिली.

खिडकी समोर होती. मध्ये भिंत नव्हती, पत्रा नव्हता, काहीच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी उगीच त्या भिंतीला नावं ठेवली.